विवरात घर करणारी नीलभिंगरी

पक्ष्याचे घर म्हटले की आपली दृष्टी आपोआप वर वळते. झाडाची फांदी, देवळाच्या शिखरातील कोनाडा, जुन्या वाड्याची तुळई. भिंगरीच्या कुळाची तर ख्यातीच अशी की माणसाने पूल बांधला किंवा ओसरी उभारली की तिने छताखाली मातीचा वाडगा चिकटवलाच म्हणून समजावे. आफ्रिका खंडाच्या दक्षिणार्धात मात्र याच कुळातील एक पक्षी असा आहे की त्याचे घर पाहायचे झाल्यास मान खाली घालावी लागते, गुडघे टेकून गवत बाजूला सारावे लागते आणि जमिनीच्या पोटात गेलेल्या काळोख्या विवरात डोकावावे लागते. त्या विवराच्या छताला, हाताच्या अंतरावर, एक ओला-सुका मातीचा पेला लटकलेला असतो. त्या पेल्यात पांढरी पिसे अंथरलेली असतात.

शास्त्रज्ञ या पक्ष्याला हिरुंडो अ‍ॅट्रोसेरुलिया म्हणतात. लॅटिन भाषेत या विशेषणाचा अर्थ काळसर निळी. इंग्रजीत तिचे नाव ब्लू स्वॅलो. झुलू भाषेत भिंगरीला इन्कोन्जाने असा मोठा गोड शब्द आहे. या लेखापुरते आपण तिला नीलभिंगरी म्हणू. स्वीडनचे प्राणिशास्त्रज्ञ कार्ल याकोब सुंदेवाल यांनी १८५० मध्ये तिचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

भिंगऱ्यांच्या बाबतीत आफ्रिका आणि आपला देश एकमेकांना अगदीच परके नाहीत. आपल्या नद्यांवरील पुलांखाली दिसणारी, शेपटीच्या टोकाला दोन बारीक तारा लावल्यासारखी दिसणारी तारवाली भिंगरी आफ्रिकेतही राहते. विज्ञानाला तिची पहिली ओळख झाली ती १८१६ च्या काँगो नदीवरील इंग्रज मोहिमेतून, आणि त्या मोहिमेत मृत्यू पावलेल्या क्रिस्टेन स्मिथ या नॉर्वेजियन वनस्पतितज्ज्ञाचे नाव तिला लाभले. तिने पुलांशी आणि कालव्यांशी जुळवून घेतले, म्हणून ती दोन्ही खंडांत सुखाने नांदते. नीलभिंगरीला हे जमले नाही. का जमले नाही, हे समजून घेण्यासाठी आधी तिची भूमी पाहिली पाहिजे.

ज्या पीटरमारित्झबर्गच्या स्थानकावर १८९३ मध्ये गांधीजींना रेल्वेच्या डब्यातून उतरवण्यात आले, त्या शहराच्या दक्षिणेस रिचमंड आणि इक्सोपो ही गावे आहेत. समुद्रावरून येणारी दमट हवा येथील उंच उतारांवर आदळते आणि तिचे धुके होते. उन्हाळ्यात सकाळचे धुके कित्येकदा दुपारपर्यंत हटत नाही. या धुक्याच्या पट्ट्यात एके काळी लाटांसारख्या उठणाऱ्या टेकड्यांवर मैलोगणती गवत होते. दऱ्यांच्या बगलांत थोडे रान, सखल जागी पाणथळ, आणि बाकी सारे गवत. अ‍ॅलन पेटन यांची १९४८ मधील सुप्रसिद्ध कादंबरी याच इक्सोपोच्या टेकड्यांच्या वर्णनाने सुरू होते, हे काही वाचकांना ठाऊक असेल. असाच धुकेभरला गवताळ प्रदेश पुढे उत्तरेकडे तुकड्या-तुकड्यांनी आढळतो: दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतातील कडा, एस्वातिनीतील मालोलोत्या, झिंबाब्वेतील न्यांगा, मलावीतील न्यिका पठार, टांझानियाच्या दक्षिणेकडील किटुलो. नकाशावर हे सारे ठिपके जोडले तर डोंगरमाथ्यांची एक तुटक माळ तयार होते. नीलभिंगरी या माळेवरच विणीसाठी येते, खालच्या उष्ण मैदानात ती विणीसाठी उतरत नाही.

तिचे रूप साधे असले तरी डोळ्यांत भरणारे आहे. वजन जेमतेम १२ ते १५ ग्रॅम, म्हणजे आपल्या चिमणीहूनही बरेच कमी. नराचे सर्वांग एकाच रंगाचे, पोलादी झाक असलेले गडद निळे. ऊन नसेल तर तो काळाच भासतो, ऊन पडले की पाठीवरून निळाई वाहते. शेपटीच्या दोन्ही कडांची पिसे लांब तारांसारखी मागे तरंगत राहतात. मादीच्या तारा आखूड असतात. नराच्या कुशीत काही शुभ्र पिसे दडलेली असतात. एरवी ती दिसत नाहीत, परंतु मादीला रिझवताना तो ती फुलवतो आणि गडद अंगावर पांढरी रेघ लखलखते. आवाज मृदू, किंचित नाकातला.

आहार उडत्या बारीक कीटकांचा. आखूड गवतावरून आणि पाणथळीच्या कडेने, जमिनीपासून फार वर न जाता ती वळणे घेत फिरते. इतर भिंगऱ्या धुके दाटले की दूर निघून जातात. ही धुक्यातच शिकार करते. उंच वाढलेल्या, दाट, जुनाट गवतात तिला उडण्यास आणि टिपण्यास अडचण होते. म्हणून गवत अधूनमधून चरले जाणे वा जळणे तिला आवश्यक असते. वाचून नवल वाटेल, परंतु या गवताळ प्रदेशाला आग ही आपत्ती नाही. हिवाळ्याच्या शेवटी वीज पडून अथवा गुराख्यांनी लावून वणवा जातो, आठवड्याभरात काळ्या राखेतून फुले वर येतात आणि पहिल्या पावसाने कोवळे गवत उगवते. येथील बहुसंख्य वनस्पतींनी आपली पुंजी कंद, मुळ्या आणि जाड खोडांच्या रूपाने जमिनीखाली ठेवलेली असते. काही तर अक्षरशः भूमिगत वृक्ष आहेत. खोड मातीत, वर केवळ वीतभर पाने. वरवर रिकामे वाटणारे हे माळरान म्हणजे शतकानुशतके हळूहळू भरत गेलेली तिजोरी आहे, आणि तिचे दार खाली आहे.

घरही खालीच. सप्टेंबरच्या अखेरीस नीलभिंगऱ्या दक्षिणेत येऊन पोहोचतात आणि विवरांचा शोध सुरू होतो. नाताळच्या टेकड्यांत पावसाचे पाणी मातीच्या आतून वाट काढते, आतल्या आत नळ्या कोरते, आणि एखाद्या दिवशी वरचे छत खचून खोल खड्डा उघडा पडतो. अशा खड्ड्याच्या पुढे आलेल्या कडेखाली घरट्यास उत्तम जागा असते. दुसरी सोय करून देतो आर्डवार्क. या प्राण्याच्या नावाचा अर्थच भूमिवराह, परंतु डुकराच्या कुळाशी त्याचे काही नाते नाही. लांब मुस्कट, सशासारखे कान, कुदळीसारख्या नख्या आणि वाळवी व मुंग्यांवर गुजराण. तो निशाचर असून एका रात्रीत बरीच जमीन उकरतो, बिळे खोदतो आणि काही काळाने ती टाकून पुढे जातो. त्याच्या टाकलेल्या बिळांत साळिंदर येते, वॉर्टहॉग येतो, साप-सरडे येतात, आणि बिळाच्या तोंडाशी, छताला, नीलभिंगरी येते. आर्डवार्कला याची वार्ताही नसते. त्याच्याविना मात्र या माळावरील कितीतरी जीव बेघर होतील.

घरटे बांधण्यास ओढ्याकाठची ओली माती लागते. नर-मादी चोचीने एकेक गोळी आणतात, मातीत गवताच्या काड्या मिसळतात आणि अर्ध्या वाडग्याच्या आकाराचा पेला भिंतीला चिकटवतात. आत बारीक मुळ्या, नंतर पिसे. पांढऱ्या पिसांची निवड विशेष. काळोखात ती पांढरी शय्या पक्ष्याला चटकन सापडत असेल, असा तर्क करण्याचा मोह होतो. अंडी बहुधा तीन, पांढरी, त्यांवर तांबूस-तपकिरी ठिपके. उबवते मादी एकटी, सुमारे १५ दिवस. पिलांना भरवण्यात मात्र नराचाही वाटा असतो. तीन आठवड्यांच्या सुमारास पिले विवराबाहेर येतात. एका हंगामात दोन वेळा, क्वचित तीन वेळा वीण होते. वर्षानंतर तेच पक्षी पुष्कळदा त्याच विवराकडे परततात आणि जुन्याच घरट्याची डागडुजी करून ते वापरतात. म्हणजे एक विवर बुजवले तर एका हंगामाचे नव्हे, अनेक वर्षांचे घर जाते.

येथवरची कथा निसर्गाची. यापुढे तिच्यात सोने, लाकूड आणि पाणी येते, आणि आपल्या व्यापारी वाचकांना हा भाग अधिक ओळखीचा वाटेल.

म्पुमलांगा प्रांतात कड्याच्या टोकावर काप्सेहूप नावाचे लहानसे गाव आहे. वाऱ्या-पावसाने झिजून विचित्र आकार धारण केलेल्या प्रचंड शिळा आणि धुके यांमुळे जुन्या लोकांनी या जागेला सैतानाची कचेरी असे नाव दिले होते. १८८० च्या दशकाच्या आरंभी येथे सोने सापडले आणि झुंडीच्या झुंडी कुदळी घेऊन आल्या. माळभर चाचणीचे खड्डे आणि बोगदे खणले गेले. पुढे बार्बर्टन आणि त्यानंतर १८८६ मध्ये विटवॉटर्सरँड येथील मोठ्या खाणींची बातमी आली तसे लोक पांगले. गाव ओस पडत गेले, खड्डे तसेच राहिले. या खड्ड्यांत कोणाला सोने मिळाले, कोणाला नाही. नीलभिंगरीला मात्र घर मिळाले. माणसाने हव्यासापोटी उकरलेली जमीन तिने आर्डवार्कचे बीळ समजून स्वीकारली, आणि काप्सेहूपचा माळ तिच्या विणीचे प्रसिद्ध स्थान ठरला. तिने माणसाशी जुळवून घेतले नाही असे वर म्हटले, त्याला एवढा एक अपवाद नोंदवला पाहिजे. अर्थात माणूस निघून गेल्यावर.

सोन्याने जे केले नाही ते सोन्याच्या मागून आलेल्या लाकडाने केले. खोल खाणींच्या छतांना टेकू द्यावे लागतात, आणि दक्षिण आफ्रिकेत नैसर्गिक रान अगदी थोडे. म्हणून धुक्याच्या पट्ट्यात परदेशी वृक्षांची लागवड सुरू झाली: पाइन, निलगिरी आणि कातडी कमावण्याच्या सालीसाठी वॅटल ही ऑस्ट्रेलियन बाभूळ. पाऊस भरपूर, जमीन खोल, उतार सोयीचे. नीलभिंगरीला जे हवे ते सारे या वृक्षांनाही हवे होते. खाणींच्या टेकूंनंतर कागदाच्या लगद्याची मागणी आली. काप्सेहूपच्या खालच्या खोऱ्यात नगोड्वाना येथे कागद आणि लगद्याची मोठी गिरणी उभी राहिली. आज त्या देशात अशी लागवड १२ लाख हेक्टरांच्या घरात आहे आणि तिचा बहुतांश भाग क्वाझुलू-नाताळ व म्पुमलांगा या दोनच प्रांतांत आहे. उरलेल्या गवतापैकी बरेचसे उसाच्या आणि बटाट्याच्या शेतीखाली, मळ्यांखाली गेले. नांगर फिरला की विवरे बुजतात आणि जमिनीखालची ती पुंजी कायमची नष्ट होते. एकदा नांगरलेले जुने गवताळ रान माणसाच्या आयुष्यात पुन्हा पूर्ववत झालेले दिसत नाही. गवत उगवते, परंतु कंद आणि फुले परतत नाहीत.

परिणाम आकड्यांत थोडक्यात सांगता येतो. दक्षिण आफ्रिकेत विणीच्या जोड्या गेल्या काही दशकांत शंभराच्या आत आल्या. काप्सेहूपच्या परिसरात तर त्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. तेथील लाल यादीत ती अतिसंकटग्रस्त गणली जाते; जागतिक यादीत तिची नोंद असुरक्षित म्हणून आहे. साऱ्या आफ्रिकेतील पक्षी मोजले तरी गणना काही हजारांच्या पलीकडे जात नाही.

या ऱ्हासात खलनायक शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. कोणी या पक्ष्याची शिकार केली नाही. त्याला पिंजऱ्यात घालून विकले नाही. झाडे लावणाऱ्यांनी झाडे लावली, आणि झाड लावणे हे जगात सर्वत्र पुण्यकृत्य मानले जाते. हिरवे रान पाहिले की मन प्रसन्न होते. पिवळे, सुकलेले गवत पाहिले की जमीन वाया गेली असे वाटते. आपल्याकडेही हेच घडले आहे. निलगिरीच्या पठारावरील गवताळ माथ्यांवर इंग्रजांनी वॅटल आणि निलगिरी लावली, आणि तेथील मूळ गवत आता तुकड्यांपुरते उरले आहे. महाराष्ट्रातील माळरानांना सरकारी दप्तरात पडीक हा शब्द चिकटला, आणि माळढोकाच्या वाट्यास जे आले ते सोलापूरकडच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. पाइनच्या लागवडीत उभे राहिले तर प्रथम जाणवते ती शांतता. खाली सुयांसारख्या पानांचा जाड थर, त्यातून काही उगवत नाही. फुले नाहीत म्हणून कीटक थोडे, कीटक थोडे म्हणून पक्षी थोडे. रांगेत उभी असलेली, एकाच वयाची, एकाच जातीची झाडे म्हणजे शेत होय; त्याला वन म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे, असे माझे मत आहे.

झाडांविषयी पहिली शंका पक्षिमित्रांनी काढली नव्हती, ती पाण्याच्या हिशेबातून निघाली. लागवडीनंतर खालचे ओढे आटतात अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. तिचा निवाडा करण्यासाठी केप प्रांतातील योंकर्सहूक खोऱ्यात १९३० च्या दशकात प्रयोग सुरू झाले: शेजारशेजारची लहान पाणलोट क्षेत्रे निवडायची, एकात पाइन लावायचे, दुसरे तसेच ठेवायचे आणि ओढ्यांचे पाणी वर्षानुवर्षे मोजायचे. दशकांच्या मोजणीतून शेतकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. कारण समजण्यास सोपे आहे. गवत हिवाळ्यात वाळते, पाणी ओढणे थांबवते, आणि कोरड्या महिन्यांतही ओढा वाहता राहतो. पाइन आणि निलगिरी बारमाही हिरवी, त्यांची मुळे खोल. ती बारा महिने पाणी ओढतात. यावरून दक्षिण आफ्रिकेने आधी लागवडीसाठी परवाना सक्तीचा केला आणि १९९८ च्या राष्ट्रीय जल कायद्यात व्यापारी वनलागवडीला थेट प्रवाह घटवणारा व्यवसाय म्हणून नोंदवले. कारखाना नदीतून पाणी उचलतो तेव्हा त्याला परवानगी लागते, तशीच डोंगरावर झाडे लावणाऱ्यालाही लागते. नव्या लागवडीचा वेग त्यामुळे मंदावला. पुढे काही कंपन्यांनी ओढ्याकाठची आणि पाणथळीतील झाडे काढूनही टाकली. नीलभिंगरीच्या नावाने कदाचित हा कायदा कधीच झाला नसता. पाण्याच्या नावाने झाला, आणि तिचा काही लाभ तिला मिळाला.

लाकडाच्या हिशेबाचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मलावीच्या उत्तरेस न्यिका हे २,००० मीटरहून उंच पठार आहे. नीलभिंगरीच्या उरलेल्या आश्रयस्थानांपैकी ते एक महत्त्वाचे. तेथे १९५० च्या दशकात वसाहतकालीन विकास महामंडळाने चेलिंडा येथे लगद्यासाठी पाइन लावले. झाडे वाढली. परंतु त्या दुर्गम पठारावरून लाकूड खाली आणण्याचा आणि बाजारापर्यंत पोहोचवण्याचा खर्च मालाच्या किमतीला खाऊन टाकील, हे उशिरा ध्यानात आले आणि योजना सोडून द्यावी लागली. माल तयार, गिऱ्हाईक तयार, वाहतूक मात्र परवडत नाही. हा धडा आपल्याकडे पेढीवर बसणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षीच मिळतो. न्यिकाच्या माळावर त्या पाइनच्या रांगा कित्येक दशके तशाच उभ्या राहिल्या. बाकीचे गवत वाचले, १९६५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि नीलभिंगरीही वाचली.

नाताळमध्ये अशी परिस्थिती नाही. तेथे रस्ते उत्तम, बंदर जवळ, लाकडाला भाव. निलगिरी लगद्यासाठी आठ-दहा वर्षांत तोडणीस येते, करवतीच्या लाकडासाठी पाइनला पंचवीस-तीस वर्षे लागतात. उरलेली विवरे बहुतांशी खाजगी मालकांच्या शेतांवर किंवा गावकीच्या जमिनीवर आहेत. ज्याच्या शेतात एक विवर आणि दोन पक्षी आहेत, त्याने शेजाऱ्यासारखी झाडे लावण्याचे उत्पन्न का सोडावे? केवळ उपदेशाने हा प्रश्न सुटत नाही, हे तेथील संवर्धकांनी लवकर ओळखले, आणि मला त्यांच्या कामातील हीच गोष्ट विशेष वाटते. त्यांनी जमीनमालकांशी दीर्घ मुदतीचे करार करण्याची पद्धत रूढ केली. जमीन मालकाचीच राहते, गुरे चरत राहतात, कारण चराई आणि ठरावीक काळाने लावलेला वणवा भिंगरीला हवाच असतो. मालक फक्त नांगर आणि वृक्षलागवड यांपासून ती जमीन मुक्त ठेवण्याचे वचन देतो. त्यापुढची पायरी करकायद्यात घेतली गेली. दक्षिण आफ्रिकेच्या प्राप्तिकर कायद्यात कलम ३७-डी म्हणून एक तरतूद आली, ती २०१५ पासून लागू आहे. जो मालक आपली जमीन किमान ९९ वर्षांसाठी संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित करतो, त्याला जमिनीच्या मूल्याच्या ४ टक्के इतकी रक्कम दरवर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येते, आणि ही वजावट २५ वर्षे चालते. म्हणजे पाव शतकात जमिनीचे पूर्ण मूल्य वजावटीत येते. अशा तरतुदी प्रत्यक्ष उपयोगात याव्यात यासाठी बर्डलाइफ साउथ आफ्रिका या संस्थेने करसल्लागारांना सोबत घेऊन काम केले. पक्षी वाचवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात विवरणपत्रे भरली जात आहेत, हे चित्र मला दुर्बिणीच्या चित्राइतकेच सुंदर वाटते.

सर्वांनीच वजावटीसाठी वाट पाहिली असे नाही. इक्सोपोजवळच्या टेकड्यांवर १९८० मध्ये एक बौद्ध साधनाकेंद्र सुरू झाले. ज्या शेतावर ते उभे राहिले ते अतिचराईने झिजलेले आणि परदेशी झाडाझुडपांनी व्यापलेले होते. केंद्रातील मंडळींनी ती झुडपे वर्षानुवर्षे उपटली, देशी गवताला वाव दिला, आणि नीलभिंगरीच्या जोड्या तेथे वीण करू लागल्या. नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष असताना या जागेला नैसर्गिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. ध्यानाला बसलेल्या माणसांपासून थोड्याच अंतरावर, जमिनीखाली, मादी अंडी उबवत बसलेली असते.

एप्रिल आला की दक्षिणेत गवत पिवळे पडू लागते, रात्री गार होतात, उडते कीटक कमी होतात. नीलभिंगऱ्या निघतात. नाताळपासून विषुववृत्तापर्यंतचा ३,००० किलोमीटरहून अधिक पल्ला गाठून त्या व्हिक्टोरिया सरोवराच्या भोवतालच्या गवताळ, पाणथळ मैदानांत येतात: युगांडाच्या दक्षिणेस सँगो बे, काँगोचा ईशान्य भाग, केनियाचा पश्चिम भाग. तेथे त्या वीण करीत नाहीत. विवरांची गरज नसते, आखूड गवत आणि कीटक पुरतात. परंतु तेथेही उसाची आणि लाकडाची मागणी वाढती आहे. नाताळमधल्या शेतकऱ्याने ९९ वर्षांचा करार केला तरी त्याच्या शेतातील पक्षी वर्षाचे पाच-सहा महिने दुसऱ्या देशाच्या भूमीवर, वेगळ्याच कायद्याखाली काढतो. दोन्ही ठिकाणचे गवत टिकले तरच सप्टेंबरात विवर पुन्हा भरते.

केनियातील रूमा राष्ट्रीय उद्यानाची हकीकत या संदर्भात मोठी विलक्षण आहे. सरोवराजवळच्या लांब्वे खोऱ्यात ते वसले आहे. या खोऱ्यात त्सेत्से माशीचा उपद्रव असे. तिच्या दंशाने माणसांना निद्रारोग होतो आणि गुरे दगावतात. म्हणून आजूबाजूची सारी भूमी शेतीखाली गेली तरी लांब्वेच्या तळाशी वस्ती विरळ राहिली आणि गवत शिल्लक राहिले. ज्या माशीला लोक शाप देत होते तिने नीलभिंगरीसाठी मैदान राखून ठेवले. पुढे सरकारने ते क्षेत्र संरक्षित केले, माशीचे प्रमाण पुष्कळ कमी करण्यात आले, आणि १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. केनियात रोन या दुर्मीळ हरणाचा शेवटचा कळप येथेच आहे, आणि देशातील संरक्षित क्षेत्रांपैकी नीलभिंगरी नेमाने दिसण्याची जागाही हीच.

नैरोबी, किसुमू, कंपाला येथे आपल्या समाजाची कुटुंबे तीन-चार पिढ्यांपासून व्यवसायानिमित्त स्थायिक आहेत, आणि सुट्टीत त्यांच्याकडे जाणारे वाचकही कमी नाहीत. मासाई मारा बहुतेकांच्या यादीत असते. रूमा क्वचितच असते, वास्तविक किसुमूहून ते काही तासांच्या अंतरावर आहे. एप्रिल ते सप्टेंबर या काळात जाणे झाले तर भल्या पहाटे, मोकळ्या आखूड गवताच्या जागी गाडी थांबवून गवताच्या शेंड्यांवर नजर ठेवावी. आकाशाकडे पाहू नये. काळसर दिसणारी प्रत्येक पाकोळी नीलभिंगरी असते असे नाही. त्याच भागात एक दुसरी काळी भिंगरी असते, तिच्या अंगावर निळ्याऐवजी हिरवट झाक असते, ती झाडांच्या कडेने उडते आणि तिची शेपटी दुभंगलेली असली तरी मागे लांब तारा नसतात. नीलभिंगरीच्या तारा ऊन असेल तर स्पष्ट दिसतात. तेथील मार्गदर्शकाला ब्लू स्वॅलो एवढे दोन शब्द सांगितले तरी पुरते. आदल्या आठवड्यात ती कोणत्या ओढ्याकाठी फिरत होती, हे त्याला बहुधा ठाऊक असते.